अर्थिंगला घातलेलं पाणी

दादाचा गळा गेला, त्याचं खापर आमच्याकडचे लोक अजूनही करंटवर फोडतात. करंट म्हणजे माझ्या स्टुडिओतल्या माईकला लागणारे अठ्ठेचाळीस व्होल्ट. वाटूर फाट्यावर चहाला थांबलो की कुणीतरी हमखास विचारतं, "काय म्हणतो मंग तुमचा करंट?" आधी मी चिडायचो, बाकावर बसून समजावून सांगायचो, चहा गार व्हायचा. आता चहा पितो आणि निघतो. ज्यांना दादानेच पटवून दिलंय त्यांना मी काय पटवणार?

दादा माझा थोरला भाऊ. गायन पार्टीचा मुख्य गायक. एप्रिलात, जयंतीच्या दिवसांत तो घरी फक्त अंघोळीला यायचा. आज जाफराबादकडे, उद्या घनसावंगीकडे, परवा आणखी कुठे, ढोलकी आणि पेटी जीपच्या टपावर बांधून त्यांची वरात चालू. गाण्याच्या शेवटी त्याचा एक चढ असायचा. सगळी वाद्यं थांबायची आणि तो एकटा वर जायचा. मंडपातल्या म्हाताऱ्या बायका त्या वेळी पदर तोंडाला लावायच्या. मी त्याचा भाऊ, लहानपणापासून ऐकत आलेला, तरी माझ्या अंगावर काटा यायचा. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. आमच्या घरात असं सांगायची पद्धत नाही.

मी मंडपाचा साऊंडवाला. पुढे गुडघे गेले, स्पीकर उचलणं झेपेना, म्हणून घरामागच्या खोलीत स्टुडिओ टाकला. स्टुडिओ म्हणजे काय, तर एक लॅपटॉप, एक जुना मिक्सर आणि चारही भिंतींवर वहिनीने शिवलेल्या वाकळी. आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून. रिक्षावर फिरवायच्या जाहिराती हे माझं मुख्य काम. बियाण्यांचं दुकान, साड्यांचा सेल, कुणाची तरी हरवलेली गाय. दादा दारात उभा राहून चिडवायचा, "गाय सापडली का रे?"

पण त्याच्या मनात वेगळंच चाललं होतं. आयुष्यभर लोकांनी बांधलेल्या चालींवर गायला, आता स्वतःची गाणी रेकॉर्ड करायची. ती त्याने बस स्टँडवर, जीपमध्ये, शेतात कापूस वेचताना रचली होती आणि सगळी तोंडपाठ होती. मला म्हणाला, "मंडपातला माईक नको. चांगला आण. माझा आवाज जसा हाय तसाच आला पाहिजे." जसा आहे तसाच. हे त्याचेच शब्द.

मग मी कंडेन्सर माईक आणला. मंडपातला माईक गरीब असतो. त्याला काही द्यावं लागत नाही, तोंडाजवळ धरला की बोलतो, पडला तरी बोलतो. कंडेन्सर उपाशीपोटी एक शब्द बोलत नाही. त्याला अठ्ठेचाळीस व्होल्ट द्यावे लागतात आणि त्यासाठी वेगळी वायर नसते. ज्या केबलमधून त्याचा आवाज मिक्सरकडे येतो, त्याच केबलमधून हा करंट उलटा त्याच्याकडे जातो. बघणाऱ्याला काही दिसत नाही, म्हणून त्याला फँटम पॉवर म्हणतात. मी दादाला फँटमचा अर्थ सांगितला तर तो पोट धरून हसला. "आपल्या बापानं घरातले सगळे देव-भुतं बाहेर काढले, अन् तू भुताचा करंट आणला व्हय!"

या माईकसोबत खुणा आल्या. तो ऐकायला इतका तिखट की फाट्यावर जीपवाला सवाऱ्यांसाठी "मंठा, मंठा" ओरडला तरी रेकॉर्डिंगमध्ये यायचा. म्हणून एकदा काम सुरू झालं की तोंड बंद. दादा वाकळींच्या मध्ये उभा, मी खिडकीपलीकडे मिक्सरपाशी. मी आधी आवाज खाली घ्यायचा, मग करंटचं बटण दाबायचं, नाहीतर स्पीकरमध्ये धाडकन ठोका बसतो. तांबडा दिवा लागला की मी पंजा वर करायचा. पंजा म्हणजे करंट आला. दादाने उत्तर म्हणून गळ्याला बोट लावायचं. म्हणजे गळा तयार, चालू कर.

पहिल्या दिवशी मी पंजा वर केला, त्याने गळ्याला बोट लावलं, तो गायला आणि लॅपटॉपवर सपाट रेघ. काहीच नाही. चूक आमच्या धंद्याच्या सवयीची होती. आम्ही मंडपवाले केबल घरीच बनवतो. एका टोकाला तीन पिनांचा प्लग, दुसऱ्या टोकाला साधा जॅक, आणि तीनपैकी दोन वायरी एकत्र वळून टाकायच्या. मंडपाच्या माईकला ते चालतं. पण फँटमचा करंट तिन्ही वायरी सरळ असल्याशिवाय माईकपर्यंत पोचतच नाही. वर्षानुवर्षं अशाच केबली बनवत आलो, कुणाचं काही अडलं नव्हतं. मी नवी केबल जोडली, माईक बोलायला लागला. दादा म्हणाला, "म्हणजे करंटाचाच घोटाळा व्हता." होताच.

दुसऱ्यांदाही करंटच सापडला. माझ्या जुन्या मिक्सरमध्ये फँटमची सोय नव्हती, म्हणून मी त्याची वेगळी डबी लावली होती. एका दुपारी लाईट भसकन वाढली आणि डबीचा अडाप्टर जळाला. मी खोक्यातला दुसरा लावला. दादा खालच्या सुरात गायचा तोवर सगळं ठीक, पण चढाला गेला की आवाज फाटायचा, जुनं लुगडं ओढल्यासारखा. मी मीटर लावून पाहिलं. अठ्ठेचाळीसच्या जागी जेमतेम निम्मे. माईक अर्धपोटी होता. हळू बोललेलं त्याला झेपतं, जोरात आलेलं झेपत नाही. जालन्याहून बराबर अडाप्टर आणला, मीटरने अठ्ठेचाळीस दाखवले. दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. "आता घे."

घेतलं. चढाला आवाज फाटला.

पुन्हा मीटर लावलं. अठ्ठेचाळीस. दोन्ही पिनांवर बराबर. केबल बदलली, डबी बदलून पाहिली, लॅपटॉप बॅटरीवर चालवला, पंखा बंद केला, फ्रिजची पिन काढली. आवाज फाटायचाच. आणि आता नीट कान देऊन ऐकलं तर तो फक्त चढालाच फाटत नव्हता. खालच्या सुरातसुद्धा शब्दाच्या मागे एक खरखर होती, वाळूवर पाय घासल्यासारखी. अर्धपोटी माईकच्या आवाजात ती नव्हती, आणि आता पोटभर मिळाल्यावर हा माईक काहीच लपवत नव्हता.

दादा प्रत्येक वेळी ऐकायचा, तोंड वाकडं करायचा आणि म्हणायचा, "खोडून टाक. खराब माल ठिवायचा न्हाई." मी खोडेपर्यंत माझ्या खांद्यामागे उभा राहायचा. लॅपटॉपच्या कचऱ्याच्या डब्यातूनही काढायला लावायचा. मंडपात एवढं नाव कमावलेला माणूस, फाटका आवाज मागे राहिलेला त्याला कसा चालेल?

वहिनी एकदा दळणाचा डबा डोक्यावर घेऊन दारातून डोकावली. गिरणीवर निघाली होती. मी म्हटलं, "वहिनी, दोन मिनिटं या. माईकपुढं काहीतरी बोला." ती डबा खाली ठेवून वाकळींमध्ये उभी राहिली, पदर सारखा केला, माईककडे एखाद्या पाहुण्याकडे बघावं तशी बघत राहिली. दादा दारातच टेकून उभा होता. मी पंजा वर केला. तिला खूण माहीत नव्हती, तिने उलट मलाच पंजा दाखवला.

"काय बोलू? दळण टाकायचंय," ती म्हणाली. "लाईट गेली तर गिरणी बंद व्हईल. जल्दी आटपा."

दादा मागून बोलला, "अगं, माईकला कामून दळण सांगून राह्यली? तो जाणार हाय का गिरणीवर?"

"तुम्ही तरी कुठं जाता," ती म्हणाली आणि दोघंही हसले. मी बंद केलं.

आम्ही तिघांनी ते ऐकलं. वहिनीचा आवाज समोर बसून बोलल्यासारखा स्वच्छ. 'दळण'मधला ळसुद्धा सुटा ऐकू येत होता. तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. मी दादाकडे पाहिलं. तोच माईक, तीच केबल, तेच अठ्ठेचाळीस व्होल्ट. आता बोलायला काही उरलं नव्हतं, असं मला वाटलं.

दादा वाकळीचा एक टाका नखाने उकरत राहिला. मग म्हणाला, "बाईमाणसाचा आवाज बारीक असतो. त्याला करंट कमी लागतो. माझ्या आवाजाला पुरून न्हाई राह्यला."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी भीती वाटली. मी म्हटलं, "दादा, करंट आवाज बघून जात नसतो. गळा दाखवून घे. जालन्याला जाऊ. मी येतो सोबत."

"गळ्याला काय झालंय? रोज जेवून राह्यलो, रोज बोलून राह्यलो. तुझं मशीन खराब, अन् दवाखान्यात मी जाऊ?" तो ढोलकीवाल्याला हाक मारत निघून गेला. त्याच्या खिशातली तंबाखूची पुडी मी बघत होतो. ती त्याच्या खिशात माझ्या आठवणीपासून आहे.

मग सल्ल्यांना ऊत आला. ढोलकीवाला म्हणाला, डीपीवरून वेगळी लाईन घ्या. पेटीवाला म्हणाला, इन्व्हर्टर लावा. फाट्यावरच्या, जळालेल्या मोटारी भरून देणाऱ्या मिस्त्रीने निदान केलं की अर्थिंग कोरडी पडलीय, खड्ड्यात मीठ आणि कोळसा टाका आणि रोज पाणी घाला. अर्थिंग कोरडी पडली तर घराला शॉक बसेल, मिक्सर भुणभुणेल, सगळं खरं. पण त्याने गाणाऱ्याचा गळा खरखरत नाही. हे मी ओरडून सांगितलं. पण दादाला ते निदान आवडलं. त्यात त्याला करण्यासारखं काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी उठला की बादली भरून घरामागे जायचा. अर्थिंगच्या खड्ड्यावरची फरशी सरकवायचा, मूठभर खडेमीठ टाकायचा आणि सावकाश पाणी ओतायचा. ओतून झालं की तिथेच उकिडवा बसून माती पाणी पिताना बघायचा. आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याचा टँकर कधी येईल याचा भरवसा नसतो. वहिनी धुण्याचं पाणी जपून वापरायची आणि हा बादली जमिनीत घालायचा. ती एकदा बोललीसुद्धा, "झाडाला घातलं असतं तर लिंबं तरी आली असती." त्याने बादली उलटी करून उरलेले थेंबही खड्ड्यात झटकले. मी खिडकीतून बघायचो. मला त्याचा राग यायचा, इतका की दात आवळले जायचे. रागाखाली काय होतं ते मला ठाऊक होतं, म्हणून मी बाहेर जायचो नाही.

तो पाणी ओतून आला की म्हणायचा, "आज बघू." आम्ही बघायचो. पंजा, गळ्याला बोट, गाणं, खरखर. "खोडून टाक."

त्या वर्षी जयंतीला तो मंडपातला माईक ओठाला लावून गायला. चढाला आवाज फाटला, त्याने सांभाळून खाली आणला, आणि लोकांनी टाळ्या कुटल्या. मी मिक्सरमागे उभा होतो. शेजारचा एक जण डोळे पुसत मला म्हणाला, "तुमच्या दादाच्या आवाजात या टायमाला काय दर्द आलाय हो!" पाया पडायला माणसं आली, कुणी त्याच्या गळ्यात हार घातला. गाडीत बसताना दादा मला म्हणाला, "बघितलं? इथं बराबर होतं. घरीच होऊन न्हाई राह्यलं." मी हात टेकले. एवढ्या माणसांनी जे वाखाणलं तोच आजार आहे, असं मी एकटा कुठल्या तोंडाने सांगणार होतो? तरी सांगितलं, गाडीतच, ढोलकीवाल्यासमोर. दादा माझ्याशी बोलायचा बंद झाला. पाणी घालणं मात्र चालू होतं.

पावसाळा संपता संपता भाकरीचा घास त्याच्या गळ्याखाली उतरेना. कुस्करून दुधात दिली तरी ठसका लागायचा. एका सकाळी बेसिनमध्ये रक्त दिसलं तेव्हा वहिनी माझ्याकडे धावत आली. आधी जालना, तिथून मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून स्क्रीनवर दाखवलं. मला त्यातलं काही कळलं नाही, पण डॉक्टर आमच्याकडे न बघता बोलायला लागले तेव्हा कळलं. आवाज कधीपासून बसलाय, त्यांनी विचारलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. सांगावं मीच, असं त्याला वाटत असावं. मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तेव्हा आला असता तर नुसत्या रेडिएशनच्या शेकण्यावर भागलं असतं कदाचित. आता आवाजाची पेटीच काढावी लागेल, आणि काढूनही खात्री देता येत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्याला म्हटलं, "दादा, मोबाईलवर तरी एक गाणं घेऊ." त्याने मान हलवली. नाही. खराब माल ठेवायचा नाही. त्याची ती स्वतःची गाणी अशी त्याच्याबरोबर आत गेली आणि आतच राहिली. चाली मला थोड्याफार आठवतात, पण मी साऊंडवाला, गळा कुठून आणू?

आता त्याच्या गळ्याला भोक आहे. श्वास तिथूनच येतो, तिथूनच जातो. बोलायचं झालं की टाळी वाजवतो. एक टाळी म्हणजे इकडे ये, दोन म्हणजे पाणी. पहिल्यांदा एक टाळी वाजली तेव्हा वहिनी चुलीपाशी होती, तिला वाटलं मी कबुतरं हाकलतोय. दुखणं परत आलंय, मानेच्या बाजूला गाठ दिसते. पुढचं कुणी घरात बोलत नाही. ढोलकीवाला दुसऱ्या पार्टीत गेला. तोच फाट्यावर सांगतो की आमच्या घराचा करंट खराब होता, त्यापायी माणसाने ताकदीच्या वर ओढलं आणि गळा फाटला. ऐकणारे माना डोलावतात.

परवा दुपारी वहिनी स्टुडिओत आली. एरवी ती आता इकडे येत नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "भाऊजी, ते हाय का हो? मी दळणाला निघाल्ते, अन् तुम्ही मला बोलाय लावलं व्हतं, ते?"

होतं. तेवढं एकच खोडलं नव्हतं. त्यात दादाचं गाणं नव्हतं, आवाज स्वच्छ होता, माईक ठीक असल्याचा पुरावा म्हणून मी ते ठेवलं होतं. मी लावलं. तिने हेडफोन कानावर दोन्ही हातांनी दाबून धरला. मला बाहेरून काही ऐकू येत नव्हतं, पण ती कुठे पोचली ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. दळण, गिरणी, लाईट. आणि मग त्या तिखट माईकने दारातून पकडलेला दादा. गात नसलेला, जोर न लावलेला, फक्त बायकोला चिडवणारा. दुरून आल्यामुळे त्यात खरखरसुद्धा जाणवत नाही.

मी म्हटलं, "वहिनी, प्रोग्रामचे व्हिडिओ आहेत की लोकांच्या मोबाईलमध्ये. गाणी आहेत. मागवून देतो."

"गाणी नको," ती म्हणाली. "गाणी समद्यांसाठी म्हणलेली. हे मला म्हणलेलं हाय."

मी ते तिच्या मोबाईलवर टाकून दिलं आणि तिच्या मागोमाग घरात गेलो. दादा खिडकीजवळच्या खाटेवर उशाला टेकून बसला होता. वहिनीने त्याला न विचारता मोबाईल मोठ्याने लावला. अगं, माईकला कामून दळण सांगून राह्यली. तो हलला नाही. स्वतःचा आवाज त्याने इतक्या दिवसांनी ऐकला होता, आणि तोही त्याच माईकमधून, ज्याला करंट कमी पडतो असं तो म्हणायचा. दोघांचं हसू झालं आणि मोबाईल गप्प झाला.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग हात वर करून पंजा दाखवला. करंट आला. मला वाटलं, तो जुनी खूण आठवून चेष्टा करतोय, म्हणून मीही पंजा वर केला. पण त्याचं झालं नव्हतं. त्याने हात खाली आणला आणि एक बोट गळ्याला लावलं, भोकाच्या जरा बाजूला, आणि तसंच धरून ठेवलं. डोळे माझ्यावरच.

मी मान डोलावली. हो, दादा. बिघाड तिथेच होता.

वहिनीला यातलं काही कळलं नाही. तिने ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.